सात मीटर वीस

४ मार्च

दादा,

नमस्कार. तब्येतीची चौकशी आईच्या पत्रात असेलच, ती मी पुन्हा करत नाही. तुमच्या जहाजावरची ईमेल कप्तानांच्या संगणकातून जाते आणि ते ती सगळी वाचतात, असं तूच सांगितलंस. म्हणून हे कागदावर, बंदरातल्या एजंटच्या थैलीतून.

तुमचं जहाज परवा गोदीतून बाहेर पडलं. नवी नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, बसली. वर्षभर तू नेमकं काय करत होतीस, असं आईने विचारलं. तिला जे सांगितलं तेच तुला सांगते, कारण तू ऐकल्यासारखं करतोस आणि ऐकत नाहीस.

जहाज पुढे जातं तेव्हा नाळेपाशी एक लाट उठते. ती उठवण्यात इंजिनाची ताकद फुकट जाते, तेल जळतं. नाळेच्या तळाशी, पाण्याखाली जो फुगवटा असतो, ज्याला तुम्ही बल्ब म्हणता, तो स्वतःची वेगळी लाट उठवतो. एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला की दोन्ही लाटा एकमेकींना संपवतात. फुगवटा किती लांब, किती जाड, किती उंच ठेवला की हे नीट जमतं, ते मी संगणकावर शोधलं. तीन हजार आठशे चाळीस आकार. प्रत्येक आकाराभोवतीचं पाणी साठ लाख चौकटींत कापायचं आणि प्रत्येक चौकटीतलं पाणी कुठे जातं ते काढायचं. चौकटींची ही जाळी जो विणतो त्याला आम्ही जाळीवाला म्हणतो. वर्षभर आम्ही दोघं एका खोलीत बसलो आणि फारसं बोललो नाही. शेवटी जो आकार निघाला त्याला पाण्याचा विरोध जुन्यापेक्षा ८.४ टक्के कमी होतो.

आई म्हणाली, "एवढंच?"

तुमच्या कंपनीची अशी सहा जहाजं आहेत. पहिली नाळ तुमची. ती चालली तर उरलेल्या पाचांना बसेल. माझं एक काम कर. समुद्र शांत असताना, नेहमीच्या वेगाने जाताना, पुढे जाऊन खाली बघ आणि दिसेल ते लिही. मला बरं वाटेल ते नको.

तुझी बहीण


२९ मार्च

दशांश,

आशीर्वाद. लहानपणी तू "मला ताप आलाय" असं कधी म्हणाली नाहीस. "एकशे एक पॉइंट चार" म्हणायचीस. सुधारली नाहीस हे वाचून बरं वाटलं.

हुकमाप्रमाणे पुढे गेलो. बरोबर बोसनला घेतलं. बोसन म्हणजे आमच्या डेकवरचा मुकादम, चाळीस वर्षं समुद्रावर, कशाचंही कौतुक न करणारा माणूस. पाणी परातीत ठेवल्यासारखं शांत होतं. दोघं कठड्यावर पोट टेकून खाली वाकलो. बराच वेळ बघून बोसन म्हणाला, "साहेब, ताईंनी नाक झकास काढलंय. पण खाली मिश्या कशाला काढल्या?"

खरंच की! दोन्ही बाजूंना पांढऱ्याशुभ्र फेसाच्या झुबकेदार मिश्या. जुन्या नाकाला नव्हत्या. आता अख्खं जहाज त्याला मिशीवाली ताई म्हणतं. रेडिओवर सुद्धा. तुझं नाव सातासमुद्रापार गेलं, अजून काय पाहिजे?

दुसरी बातमी. कप्तानसाहेब माझं शिफारसपत्र लिहिणार आहेत. या वर्षअखेर खांद्यावर तीनाच्या चार पट्ट्या होतील आणि मला स्वतःचं जहाज मिळेल. आईला अजून सांगितलेलं नाही. म्हणजे सांगितलंय, पण कुणाला सांगू नकोस असं बजावलंय. म्हणजे आता गल्लीला माहीत असेल.

जेवत जा.

दादा


२० एप्रिल

दादा,

अभिनंदन. गल्लीला माहीत आहे.

तेलाचे आकडे आले. आठ टक्के कमी लागायला हवं होतं. ४.१ टक्के जास्त लागलं आहे. तीन फेऱ्यांची सरासरी, वारा आणि प्रवाह वजा करून.

बुधवारी तुमच्या कंपनीचे तांत्रिक अधीक्षक आमच्याकडे आले. तू त्यांना ओळखतोस. ते बसायच्या आधीच म्हणाले, "पोरीच्या हातात व्हिडिओ गेम दिलात, आणि माझ्या जहाजाचं तोंड रंगवून घेतलंत." आमचे साहेब हसले. साहेब म्हणजे विभागप्रमुख. ते नर्मविनोदी म्हणून प्रसिद्ध आहेत, पण हसले ते दुसऱ्याच्या विनोदाला. मग त्यांनी एक कागद माझ्यासमोर सरकवला. एका ओळीचा मजकूर: फुगवट्याच्या आकाराच्या गणनेत माझ्याकडून चूक झाली. खाली माझं नाव, त्यावर सहीची जागा.

"कर सही," साहेब हळूच म्हणाले. "विषय संपतो."

"कुठली चूक?" मी विचारलं.

"ते नंतर शोधू."

"मग सहीही नंतर करू."

मी सही केली तर काय होईल ते तुला माहीत असू दे. संगणकावर आकार शोधायचं काम बंद होईल आणि नाळा पुन्हा जुन्या आराखड्यांवरून गिरवल्या जातील. जाळीवाला आणि मी दुसऱ्या कुठल्या तरी टेबलावर, तेही ठेवलं तर. पण ते बाजूला ठेव. माझ्या नावाखाली जी चूक लिहिली आहे ती मी केलेली नाही. जाळी दुप्पट बारीक करून पाहिली, फरक ०.२ टक्के. लाकडी नमुना हौदात ओढून पाहिला होता, फरक ०.५. गणित बरोबर आहे.

आता मिश्या. तू ते गंमत म्हणून लिहिलंस, मी ते सहा वेळा वाचलं. फुगवटा पुरेसा खोल असला तर वर फेस दिसत नाही. फेस दिसतो याचा अर्थ फुगवटा वर आला आहे आणि पाणी त्याच्यावर आपटून फुटतं आहे. नाळ पाण्यात किती खोल आहे, म्हणजे पुढचा ड्राफ्ट, तुमच्या रोजच्या दुपारच्या रिपोर्टमध्ये असतो. तिथे ७.२० मीटर लिहिलं आहे. मी आकार त्यावर बेतला.

प्रश्न एकच आहे. खरा किती?

तुझी बहीण


११ मे

दशांश,

तू पत्र लिहितेस की समन्स पाठवतेस?

रिपोर्टात आहे तोच ड्राफ्ट. दुसरा कुठून आणू? आणि मिश्यांचं इतकं मनावर घेऊ नकोस. त्या दिवशी समुद्र जरा उसळलेला होता, बोसनलाही चष्म्याची गरज आहे.

मोठा भाऊ म्हणून एक सांगतो, राग मानू नकोस. सही करून टाक. एका सहीने तुझं शिक्षण पुसलं जात नाही. अधीक्षक खडूस आहे पण डूख धरणारा नाही, त्याला फक्त फाईल बंद करायची असते. मी जहाजावर आलो तेव्हा पहिली गोष्ट हीच शिकलो, की ज्या कागदाने जहाज अडतं त्याच्याशी भांडायचं नाही. सही करायची आणि पुढे निघायचं. मी चौदा महिन्यांत कमी सह्या केल्यात का? हात झिजला नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस. ती म्हणत होती, तू फोनवर "सगळं ठीक" म्हणतेस. तसंच म्हणत राहा.

दादा


२ जून

दादा,

२९ मार्चच्या पत्रात पाणी परातीत ठेवल्यासारखं शांत होतं. ११ मेच्या पत्रात ते उसळलं. दिवस एकच.

कागद पुन्हा आला. या वेळी "चूक"च्या आधी "गंभीर" आहे. सही न केल्यामुळे विशेषण वाढलं. "उगाच ताणू नकोस," साहेब म्हणाले. सोमवारपासून माझं लॉगिन बंद आहे. रोज नऊला येते, काळ्या पडद्यासमोर बसते, साडेपाचला जाते. साहेब दिवसातून दोनदा दारातून डोकावतात. दोन्ही वेळा मी "नाही" म्हणते, त्यांनी विचारायच्या आधी.

जाळीवाल्याने त्याच्या खात्यातून माझं गणित चालवलं. मी त्याला सांगितलं नव्हतं. "धोका आहे," मी म्हटलं. तो म्हणाला, "मला नाळा गिरवता येत नाहीत." बस.

तुमच्या जहाजाचे चौदा महिन्यांचे रिपोर्ट कागदावर होते, ते मी हाताने उतरवले. समुद्रावरचे तीनशे एकसष्ट दिवस. माल कमी, माल जास्त, टाक्या भरलेल्या, टाक्या रिकाम्या. मागचा ड्राफ्ट बदलतो. पुढचा बदलत नाही. ७.२०, ७.२०, ७.२०. जहाज पाण्यावर असतं, दादा, पायावर बांधलेलं नसतं.

मग गणित उलटं केलं. एरवी आम्ही ड्राफ्ट धरतो आणि किती तेल जळेल ते काढतो. या वेळी जळलेलं तेल धरलं आणि ड्राफ्ट काढला. उत्तर ६.३४ आलं. म्हणजे नाळ शहाऐंशी सेंटिमीटर वर आहे, आणि फुगवट्याचा माथा जवळजवळ पाण्याबाहेर.

रिपोर्टवर सही कप्तानांची असते. खोटा आकडा ते लिहितात आणि तू त्यांना सांभाळून घेतोस, कारण शिफारसपत्र त्यांच्या हातात आहे. मला ते समजतं. त्यांचं काय करायचं ते मी बघेन. तू फक्त पुढच्या बंदरात एकदा धक्क्यावर उतर, नाळेवर रंगवलेले आकडे डोळ्यांनी वाच आणि मला कळव. तेवढं तरी.

तुझी बहीण


२६ जुलै

दशांश,

उत्तराला पावणेदोन महिने लागले. यात टपालाचा दोष नाही. दोन पत्रं लिहून फाडली. पहिल्यात मी तुला बरंच बोललो होतो. ते तुला मिळालं नाही हे चांगलं झालं.

परवा सकाळी धक्क्यावर उतरलो आणि नाळेखाली जाऊन उभा राहिलो. या जहाजावर आल्यापासून पहिल्यांदा. वरून बोसन ओरडला, "साहेब, काही पडलं का खाली?" मी म्हटलं, "हो." पाणी संथ होतं. तीनदा वाचलं. ६.३१.

तीन सेंटिमीटर चुकलीस. मला इतका राग आला होता की त्या तीन सेंटिमीटरवरून भांडावंसं वाटलं.

आता ऐक. तो आकडा कप्तान लिहीत नाहीत, मी लिहितो. ते फक्त सही करतात. माझ्या आधीच्या चीफ ऑफिसरने चार्ज देताना जी यादी तोंडी सांगितली, कुठली किल्ली कुठे, कुठला दरवाजा अडकतो, त्यातच "या चौकटीत ७.२०" हेही होतं. त्याला त्याच्या आधीच्याने सांगितलं असणार. नाळ जड ठेवली तर डेकवर पाणी येतं आणि वरचा माल भिजतो, म्हणून सगळेच कप्तान पुढची पाण्याची टाकी रिकामी ठेवतात. पण कार्यालयाने मंजूर केलेल्या आराखड्यात ७.२० आहे. रिपोर्टच्या प्रोग्रॅममध्ये सातच्या खालचा आकडा टाकला की चौकट लाल होते, आणि दुसऱ्या दिवशी अधीक्षकांचं पत्र हजर: खुलासा करावा. ७.२० टाकलं की हिरवी. एवढीच गोष्ट आहे. यात खोटं बोलतोय असं कधी वाटलंच नाही. दाराची कडी लावावी तसा तो आकडा टाकायचो.

तू वर्षभर काय करतेस ते आई मला प्रत्येक फोनवर सांगायची. तिला नीट कळायचं नाही, मला कळायचं. तरी तू जो आकडा घेऊन बसली आहेस तोच मी रोज हाताने लिहितो आहे, हे एकदाही डोक्यात आलं नाही. आणि आलं तेव्हा मी तुला काय लिहिलं? सही करून टाक.

हे पत्र पुरावा म्हणून वापर. खाली एक ओळ खोडलेली दिसेल. त्यात "शिफारसपत्र होईपर्यंत थांब" असं लिहिलं होतं. खोडली आहे, पण लिहिली होती हे तुला कळावं म्हणून सांगतो.

दादा


१८ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे. झेरॉक्स काढलेली नाही. जाळीवाल्यालाही दाखवलेलं नाही.

मी कप्तानांवर आरोप केला, तो चुकीचा होता. पुराव्याशिवाय केला. मला तो सोयीचा होता.

आणखी एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. कुणालाच नाही. दीड वर्षापूर्वी सहाही जहाजांची माहिती माझ्याकडे आली तेव्हा पुढच्या ड्राफ्टच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ७.२० होतं. सहा जहाजं, दोन वर्षं, एकच आकडा. मला ते बघून आनंद झाला. इतकी स्वच्छ माहिती कधी मिळत नाही. तिथे थांबून एक फोन करायला हवा होता. केला नाही, कारण एकच ड्राफ्ट असला तर एकाच ड्राफ्टसाठी आकार शोधायचा असतो, आणि फायदा मोठा दिसतो. वीस ड्राफ्ट असते तर ८.४ कधीच आले नसते. मला ८.४ आवडले होते.

तुझ्यावर मी इतकी चिडले त्याचं कारण हेच असावं. असावं म्हणते, कारण हे मोजता येत नाही.

समितीची बैठक २ सप्टेंबरला आहे. साहेब, अधीक्षक आणि वरचे पाच जण. तिथे मी सही करणार नाही, आणि तुझं नावही घेणार नाही. "गणित बरोबर आहे, ड्राफ्ट तपासा," एवढं म्हणेन. पुरावा मागतील, नाही म्हणेन. मग ते मला काढतील किंवा काढणार नाहीत. काढलं तर दुसरीकडेही पाणी आहे. तू चार पट्ट्या लावून घरी ये. आईने तुझा फोटो लावायला भिंतीवर खिळा ठोकून ठेवला आहे. तिरका ठोकला आहे. मी काही बोलले नाही.

तुझी बहीण


२० ऑगस्ट

दशांश,

तुझं उत्तर अजून आलेलं नाही, पण मी थांबत नाही. मी थांबलो की काय होतं ते आपण पाहिलं.

काल सकाळी बंदर सोडण्याआधी नाळ पुन्हा वाचली, आकडा तोच निघाला. दुपारी रिपोर्ट भरताना त्या चौकटीत ६.३१ टाकलं. झाली लाल. मी जरा वेळ बघत बसलो. तसा वाईट रंग नाही. मग खाली शेऱ्यात लिहिलं: "नाळेवरून वाचलेला आकडा. माझ्या कारकिर्दीतले याआधीचे सर्व ७.२० न वाचता लिहिलेले आहेत." खाली माझं नाव आणि हुद्दा.

रिपोर्ट सहीसाठी नेला. कप्तानसाहेबांनी चष्मा लावला.

"हे काय आहे?"

"ड्राफ्ट, सर."

"ड्राफ्ट मला कळतो. हे काय आहे?"

"खरा ड्राफ्ट, सर."

"बहिणीने शिकवलं?"

"तिने विचारलं, सर. एवढ्या वर्षांत दुसऱ्या कुणी विचारलंच नाही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "यावर मी सही केली तर माझ्या सहा वर्षांच्या सह्यांचं काय? तुझं तरुण रक्त आहे, तुला एक वर्ष गेलं तरी चालतं. मला दोन वर्षांत घरी जायचंय." मी उभाच राहिलो. खरं सांगतो, मी वादळात घाबरत नाही, टेबलापलीकडच्या माणसाला घाबरतो, हे मला काल कळलं.

माझं शिफारसपत्र त्यांच्यासमोरच पडलं होतं, टाईप होऊन आलेलं. ते त्यांनी उचललं, खणात ठेवलं आणि खण बंद केला. मग माझ्याकडे न बघता रिपोर्टवर सही केली आणि म्हणाले, "पाठव. आणि दार लावून घे." त्यांनी सही का केली ते मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

बाकीच्या पाच जहाजांच्या चीफ ऑफिसरांनाही लिहिलंय. त्यातल्या दोघांशी माझं पटत नाही, त्यांनाही लिहिलं. मजकूर एकच: मी माझा खरा आकडा टाकला आहे, तुम्ही एकदा धक्क्यावर उतरा.

आता तू काय वाटेल ते कर. पण माझ्यासाठी म्हणून काही करू नकोस. मला ते झेपणार नाही.

पट्ट्या तीनच राहणार. आईला तूच सांग, माझी हिंमत या वर्षापुरती संपली.

दादा


८ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र २९ ऑगस्टला मिळालं. तोपर्यंत माझं निघून गेलं होतं. मी तुला वाचवायचं ठरवलं होतं आणि तू मला न विचारता खरं बोलून मोकळा झालास. कमीत कमी कळवायचं तरी आधी.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे इतके महिने हा बघायला खालीच उतरला नाही?" पट्ट्यांबद्दल काही बोलली नाही. गल्लीला काय सांगायचं हा प्रश्न तिने सोडवला आहे: तिने सांगितलं की तू स्वतः नको म्हणालास.

आता क्रमाने. ३० ऑगस्टपर्यंत सहापैकी चार जहाजांच्या चौकटी लाल झाल्या. ६.३१, ६.२२, ६.४०, ६.१८. अधीक्षकांनी पहिल्या दिवशी चौघांकडून खुलासे मागवले. तिसऱ्या दिवशी प्रोग्रॅममधून लाल रंगच काढून टाकायला सांगितला. आता कुठलाही आकडा टाकला तरी चौकट हिरवी होते. हे ऐकून जाळीवाला हसला. दीड वर्षात पहिल्यांदा त्याचे दात पाहिले. बरे आहेत.

त्याने आणि मी नवा आकार काढला. ६.१० पासून ७.२० पर्यंत बारा ड्राफ्ट धरून. कुठल्याही एका ड्राफ्टला तो सर्वांत चांगला नाही, पण कुठल्याच ड्राफ्टला वाईट नाही. फायदा ३.२ टक्के. बैठकीत दाखवायला देखणा आकडा नाही. पण तो समुद्रावर मिळेल.

बैठक दुपारी तीनला सुरू झाली. लांब टेबल, सात माणसं, आणि टेबलाच्या टोकाला माझी खुर्ची. चार जहाजांचे रिपोर्ट सगळ्यांसमोर होते, पण कुणी त्यांना हात लावत नव्हतं. अधीक्षक मोठ्या मनाने म्हणाले, "हे बघा, जहाजवाल्यांनी चुकीचे आकडे दिले, तुम्ही चुकीची नाळ दिलीत. फिट्टंफाट. सही करा, सगळे चहा घेऊ." साहेब म्हणाले, "मी 'गंभीर' काढून टाकलंय." हे त्यांनी मला भेट दिल्यासारखं सांगितलं.

कागद तिसऱ्यांदा माझ्यासमोर आला.

"मजकूर बदलला तर सही करते," मी म्हटलं.

साहेबांना इतकं बरं वाटलं की त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं. मी छापलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं. माझं अक्षर तुला माहीत आहे, सगळ्यांना लांबून वाचता येतं.

"गणना बरोबर होती. सहा जहाजांचा पुढचा ड्राफ्ट दोन वर्षं एकच कसा, हे मी विचारलं नाही. ही चूक माझी आहे. तो आकडा टाकला की चौकट हिरवी होते, हे कुणी ठरवलं ते अजून कुणीही विचारलेलं नाही."

खाली सही केली. पूर्ण नाव, हुद्दा, तारीख, वेळ.

अधीक्षकांनी कागद ओढून घेतला. ते ओठ हलवत वाचतात. "शेवटचं वाक्य काढा," ते म्हणाले.

"नाही."

"मग पहिलं काढा."

"नाही."

"याचे परिणाम होतील."

"किती?" मी विचारलं. सवयीने. कुणीतरी खोकलं. टेबलाच्या मधोमध बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी पहिल्यांदाच समोरचे रिपोर्ट उचलले आणि तुझा शेरा वाचायला घेतला. वाचून झाल्यावर त्यांनी अधीक्षकांना विचारलं, "ही चौकट कुणी बनवून घेतली?"

अधीक्षक आपले कागद गोळा करायला लागले. निकाल काय लागायचा तो लागेल. माझं लॉगिन अजून बंद आहे आणि तुझी नाळ अजून चुकीची आहे. मी दोन्हीचा पाठपुरावा करते आहे, लेखी.

लोक उठले तेव्हा साहेबांनी माझा कागद दोन बोटांत धरून परत दिला. आवाज अगदी मऊ. "मूळ प्रत तुझ्याकडे राहू दे. फाईलला आम्ही झेरॉक्स लावतो."

"मूळ प्रत फाईलला लावा," मी म्हटलं. "झेरॉक्स मी नेते."

आणि मशीनपाशी जाऊन, कागद बाहेर येईपर्यंत, त्यांच्या शेजारी उभी राहिले.

तुझी बहीण